दीडशे पॉइंटांत वरण-भात बसतो का?

न्यू जर्सीतील एडिसन येथून एका वाचक भगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा: गेल्या नोव्हेंबरात त्या, त्यांचे यजमान, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि कोथरूडहून आलेले सासू-सासरे असे सहाजण ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पाच रात्री जाऊन आले. मुले खूश होती, पण खाण्याचे हाल झाले. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. त्यांनी बहुतेक दिवस फ्रेंच फ्राइज आणि केळ्यांवर काढले. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि जेवणाची वेळ टळली की त्यांचे हात थरथरू लागतात. परतताना यजमानांनी डिस्ने व्हेकेशन क्लबची, म्हणजे डिस्नेच्या टाइमशेअरची (एकदाच मोठी रक्कम भरून पुढची अनेक वर्षे सुट्टीच्या मुक्कामाचा हक्क घेण्याच्या व्यवस्थेची), माहिती घेतली आणि आता ते क्लबच्या रिव्हिएरा रिसॉर्टचे 150 पॉइंट हप्त्याने घेण्याच्या विचारात आहेत. हे पॉइंट दरवर्षी नव्याने मिळतात आणि मुक्कामाच्या रात्रींसाठी ते पैशांसारखे खर्च करायचे असतात. त्यांचे म्हणणे असे की तेथे स्वयंपाकघर मिळेल, दरवर्षी आठवडाभर जाता येईल आणि 2070 पर्यंतची ही मालमत्ता पुढे मुलांना मिळेल. पत्रलेखिकेच्या माहेरी टाइमशेअर या शब्दानेच कपाळाला आठ्या पडतात. म्हणून त्यांनी विचारले आहे की हे घ्यावे की नाही, घेतले नाही तर निदान डिस्नेची आगाऊ पैसे भरायची जेवणाची योजना घ्यावी का, आणि हिला खरोखरच मालमत्ता म्हणता येते का.

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना ते टाइमशेअरविषयी आहे असे वाटले, दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की ते मुळात सासूबाईंच्या केळ्यांविषयी आहे. म्हणून मी उत्तराची सुरुवात कराराने न करता जेवणाने करतो. आपण तेथे काय आणि कोठे जेवणार हे ठरले की खोली कोणती लागेल ते ठरते, खोलीवरून पॉइंट ठरतात आणि पॉइंटांवरून कराराचा आकार ठरतो. आपल्या घरी हा क्रम उलटा झाला आहे: आधी 150 हा आकडा आला आणि आता त्यात स्वयंपाकघर बसवण्याचा प्रयत्न चालला आहे.

आपल्या यजमानांच्या हिशोबातील एक ओळ आपण पत्रात उतरवून पाठवली आहे: ‘150 पॉइंट म्हणजे सुमारे आठवडाभर.’ ही ओळ खोटी नाही, पण ती स्टुडिओची आहे. क्लबच्या व्हिलांमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या जागांमध्ये, स्टुडिओ म्हणजे चार-पाच माणसांची एक खोली. तिच्यात लहान फ्रिज, मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि कॉफीचे यंत्र असते, परंतु शेगडी नसते. खरे स्वयंपाकघर, म्हणजे शेगडी, ओव्हन, मोठा फ्रिज, भांडीकुंडी आणि भांडी धुण्याचे यंत्र, हे एक बेडरूमच्या व्हिलापासून पुढे मिळते. एक बेडरूमला स्टुडिओच्या साधारण दुप्पट पॉइंट लागतात आणि तरीही तिची मर्यादा सहसा चार-पाच माणसांची असते. सहाजणांना ऐसपैस राहायचे, सासऱ्यांना रात्री उठावे लागते म्हणून त्यांना बाथरूमसह वेगळी खोली द्यायची आणि सकाळी गरम पोहे करायचे, तर दोन बेडरूमची व्हिला हवी. तिला हंगामाप्रमाणे रात्रीला पन्नासच्या आसपास किंवा त्याहून अधिक पॉइंट लागतात. म्हणजे दीडशे पॉइंटांत फार तर तीन रात्री. ज्या वरण-भातासाठी हा सारा खटाटोप आहे, तो दीडशेत पुरा आठवडा शिजत नाही. क्लबचा त्या वर्षाचा पॉइंट-तक्ता प्रसिद्ध असतो. तो उघडून आपल्या नेमक्या तारखांची आणि नेमक्या खोलीची बेरीज यजमानांनी एकदा स्वतः करून पाहावी. शुक्रवार-शनिवारच्या रात्री इतर रात्रींपेक्षा महाग असतात हेही त्यांना त्यात दिसेल.

स्टुडिओतच एखादी छोटी इलेक्ट्रिक शेगडी लावून भागवू, असे कोणी सुचवले तर तो विचार मनातही आणू नये. फोडणीचा धूर आणि अमेरिकेतील धुराची घंटा यांचे नाते आपल्याला एडिसनमध्येही ठाऊक असेलच.

आता या व्यवस्थेची आपल्या कुटुंबाला खरोखर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो, कारण मी केवळ नन्नाचा पाढा वाचावा अशी आपलीही अपेक्षा नसेल. या क्लबात पॉइंट साठवता येतात. एका वर्षाचे पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात किंवा पुढच्या वर्षाचे आधी उचलता येतात. आपले सासू-सासरे एक वर्षाआड येतात असे आपण लिहिले आहे. त्यामुळे ते नसतील त्या वर्षी डिस्नेला न जाता पॉइंट पुढे टाकले, तर दुसऱ्या वर्षी तीनशे पॉइंट हाती येतात आणि दोन बेडरूमच्या व्हिलात पाच-सहा रात्री निघतात. परंतु मग ‘दरवर्षी जाता येईल’ हे वाक्य पुसावे लागते. एकाच दीडशेत दरवर्षीची सहल आणि सहाजणांचे स्वयंपाकघर या दोन्ही गोष्टी बसत नाहीत. त्यांतील एक निवडावी लागेल.

पॉइंट साठवण्यालाही मुदत असते, आणि ती आपल्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. प्रत्येक कराराला एक वर्षारंभाचा महिना ठरलेला असतो. त्या महिन्यापासून पहिल्या आठ महिन्यांतच त्या वर्षाचे पॉइंट पुढे टाकता येतात. समजा, आपल्या कराराचे वर्ष डिसेंबरात सुरू होते आणि आपण नोव्हेंबरात जाणार आहात. ऑक्टोबरात कोथरूडहून फोन आला की सासऱ्यांची साखर वाढली आहे, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. आपण आरक्षण रद्द कराल, पण पॉइंट पुढे टाकण्याची मुदत जुलैअखेरच संपलेली असेल आणि नोव्हेंबरच्या शेवटी ते पॉइंट कायमचे जातील. हेच वर्ष सप्टेंबर किंवा ऑक्टोबरात सुरू होणारे असते, तर आपल्याला पुढच्या एप्रिल-मेपर्यंत उसंत मिळाली असती. पॉइंटमागे दोन-चार डॉलर कमी मिळावेत म्हणून लोक महिनोन्महिने घासाघीस करतात आणि हा महिना मात्र समोर येईल तो स्वीकारतात. ज्या घरातील दोन प्रवासी सत्तरीच्या पुढचे आहेत आणि समुद्रापलीकडून येणार आहेत, त्या घराने तो सर्वांत आधी पाहावा. शिवाय आगमनाला तीस दिवस किंवा त्याहून कमी उरले असताना आरक्षण रद्द केले, तर पॉइंट परत मिळतात खरे, पण ते आरक्षण कराल त्या दिवसापासून साठ दिवसांच्या आतल्याच मुक्कामासाठी वापरता येतात. शाळेत जाणारी मुले असलेल्या घराला अशा पॉइंटांचा उपयोग क्वचितच होतो.

नोव्हेंबरच का, हे आपण लिहिले नसले तरी मला कळते. न्यू जर्सीत शिक्षकांच्या अधिवेशनामुळे नोव्हेंबरच्या पूर्वार्धात गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात आणि दिवाळीही बहुधा त्याच सुमारास येते. पण हे आपल्याप्रमाणेच साऱ्या जर्सीला ठाऊक आहे. ऑरलँडोत त्या दिवसांना ‘जर्सी वीक’ असेच नाव पडले आहे. शरद ऋतूत एपकॉट या डिस्नेच्या उद्यानात खाद्य आणि वाइनचा महोत्सव असल्यामुळे त्या बाजूची रिसॉर्टे, म्हणजे रिव्हिएरा, बीच क्लब, बोर्डवॉक, लवकर भरतात. आपण ज्या रिसॉर्टचे पॉइंट घेतले असतील तेथे अकरा महिने आधी आरक्षण करता येते, इतरत्र सात महिने आधी. ज्यांना शाळेच्या सुट्टीतच जाणे भाग आहे, त्यांच्यासाठी या अकरा महिन्यांच्या हक्काचे मोल मोठे आहे. म्हणून कधी घेतलेच, तर जेथे राहायला आवडेल त्याच रिसॉर्टचे घ्यावे, स्वस्त मिळते म्हणून भलत्याच जागेचे घेऊ नये.

पैशांकडे वळतो. क्लबकडून थेट घेतल्यास पॉइंटचा दर दोनशे डॉलरच्या वर जातो, म्हणजे दीडशे पॉइंटांचे तीस हजारांहून अधिक झाले. यजमानांनी हप्त्याचा आकडा पाहिला आहे, पण टाइमशेअरच्या कर्जाचा व्याजदर घराच्या कर्जापेक्षा पुष्कळच अधिक असतो. सुट्टीसाठी कर्ज काढणे मला कधीच पटलेले नाही आणि या वयात पटण्याची शक्यताही नाही. हप्ता फिटला तरी वार्षिक देखभाल शुल्क राहतेच. बहुतेक रिसॉर्टांत ते सध्या पॉइंटमागे आठ ते दहा डॉलरच्या घरात आहे, व्हेरो बीचसारख्या ठिकाणी त्याहून बरेच अधिक. नऊ धरले तर दीडशे पॉइंटांचे वर्षाला 1,350 डॉलर झाले, मग त्या वर्षी आपण गेलात किंवा न गेलात. हे शुल्क स्थिर नसते. वर्षाला चार टक्के वाढ धरली तर अठरा वर्षांत ते दुप्पट होते, म्हणजे धाकटा पदवीधर होईल तेव्हा आपण वर्षाला 2,700 डॉलर भरत असाल. आणि या सगळ्यात उद्यानांच्या प्रवेशाचे एकही तिकीट धरलेले नाही. तिकिटे वेगळी, एकेका दिवसाला माणशी शंभराच्या बरीच वर, आणि डिस्नेच्या लेखी दहा वर्षे पूर्ण झालेले मूल प्रौढ ठरते. आपली लेक दोन वर्षांनी तिकिटाच्या आणि जेवणाच्या, दोन्ही खिडक्यांवर मोठी होणार आहे.

‘मालमत्ता’ या शब्दाविषयी आपण मुद्दाम विचारले आहे. कायद्याच्या भाषेत यजमान चुकत नाहीत. क्लब 1991 मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याचे हितसंबंध खरेदीखताने दिले जातात आणि त्या खताची सरकारी दप्तरी नोंद होते. पण ही जमीन आपली होत नाही. तो मुदतबंद भाडेपट्टा आहे. सर्वांत जुन्या ओल्ड की वेस्टसह अनेक रिसॉर्टांचे मूळ करार जानेवारी 2042 मध्ये संपतात, साराटोगा स्प्रिंग्जचे 2054 मध्ये, अ‍ॅनिमल किंगडम व्हिलाजचे 2057 मध्ये आणि रिव्हिएराचे 2070 मध्ये. त्या दिवशी हाती काहीही उरत नाही. ज्याची किंमत मुदतीअखेर ठरल्याप्रमाणे शून्य होते, त्याला मी मालमत्तेपेक्षा आगाऊ भरलेले भाडे म्हणेन. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला ठेवीच्या वहीत लिहू नये.

रिव्हिएराच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. 19 जानेवारी 2019 पासून जे लोक जुन्या मालकाकडून पॉइंट घेतात, त्यांना ते क्लबच्या मूळ चौदा रिसॉर्टांतच वापरता येतात, रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्टांत नाही. आणि ज्याने रिव्हिएराचे पॉइंट जुन्या मालकाकडून घेतले, त्याला ते फक्त रिव्हिएरातच वापरता येतात. आपण क्लबकडून थेट घेतले तर आपल्याला ही बेडी नाही, पण उद्या विकायला काढाल तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाला ती असेल आणि तो किंमत त्या हिशोबानेच देईल. विक्रीच्या प्रत्येक व्यवहारात तो करार त्याच भावात स्वतः विकत घेण्याचा पहिला हक्क डिस्नेकडे असतो. या हक्कामुळे आणि जागेच्या मागणीमुळे या क्लबचे करार इतर बहुतेक टाइमशेअरप्रमाणे कवडीमोल होत नाहीत. ऑरलँडोच्या हॉटेलांच्या दिवाणखान्यांत ‘दीड तास बसा आणि तिकिटावर सूट घ्या’ म्हणून बोलावणारे जे मेज मांडलेले असतात, त्यांच्या मालाची आणि याची एकाच तराजूत तुलना करणे अन्यायाचे होईल. माहेरच्यांना हे जरूर सांगा.

माहेरच्यांच्या आठ्या मात्र मला परक्या नाहीत. 1990च्या दशकात आम्हीही एका कंपनीकडून थंड हवेच्या ठिकाणचा एक आठवडा घेतला होता. कागदावर तो ‘हिरवा हंगाम’ होता. पहिल्या वर्षी जाऊन पाहिले तेव्हा कळले की हिरवा म्हणजे भर जुलै. सात दिवस खिडकीबाहेर ढगांशिवाय काही दिसले नाही आणि भिंतीला लावलेली टॉवेलाची खुंटीसुद्धा ओली होती. देखभालीची बिले मात्र कोरडी, वेळच्या वेळी येत राहिली. त्यानंतर मी कोणत्याही सुट्टीच्या कराराचे दुसरे पान पहिल्यापेक्षा आधी वाचतो.

मुलांना मिळेल हा मुद्दा राहिला. 2070 साली आपली आठ वर्षांची लेक पन्नाशी ओलांडलेली असेल. तिला तेव्हा मिकीला भेटायला जाण्याची हौस असेल की नाही कोण जाणे, पण तिच्या वाट्याला पॉइंटांबरोबर वार्षिक शुल्कही येईल हे निश्चित. वारसाला तो वाटा नाकारता येतो, हे खरे. तरीही फ्लोरिडातील खरेदीखत असल्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या कुटुंबाला तेथील न्यायालयात वारसाची वेगळी प्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून घेण्याचे ठरलेच, तर खरेदीखत पती-पत्नी दोघांच्या नावाने असावे आणि आपल्या मृत्युपत्राच्या वकिलांना त्याची कल्पना द्यावी. एवढे करून मुलांसाठी ठेवण्याजोग्या वस्तूंत मी याला कॉलेजच्या निधीच्या बरेच खाली ठेवीन.

जेवणाची योजना. 2020 मध्ये बंद झालेली ही योजना 9 जानेवारी 2024 रोजी पुन्हा सुरू झाली. तिचे दोन प्रकार आहेत. साध्या योजनेत रात्रीच्या हिशोबाने माणशी दोन वेळचे काउंटरवरचे जेवण आणि एक खाऊ मिळतो. मोठीत एक वेळ काउंटरवर, एक वेळ टेबलावर बसून आणि एक खाऊ. पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रौढांना एका रात्रीचे सुमारे 57 आणि 94 डॉलर पडत, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे 24 आणि 30. त्या दराने आपल्या सहाजणांची मोठी योजना रात्रीला 436 डॉलरची होते, पाच रात्रींची 2,180 डॉलरची, आणि टेबलावर वाढणाऱ्याची टिप त्याच्यावर. एका खोलीतील तीन वर्षांवरील सर्वांना ती घ्यावी लागते. सासूबाईंना वगळून उरलेल्यांची घेऊ असे चालत नाही.

ही योजना कोणाला परवडते ते पाहिले की आपले उत्तर आपोआप मिळते. जो दर वेळी पत्रिकेतील सर्वांत महाग पदार्थ मागवतो, म्हणजे मांसाचा मोठा तुकडा किंवा सागरी मासळी, आणि जेवणासोबत मद्य घेतो, त्याला ती परवडते. कारण प्रौढांच्या जेवणात मद्याचे किंवा तशा खास पेयाचे पैसे आधीच धरलेले असतात. सासूबाई भात आणि डाळीची वाटी घेणार, सासरे साखरेमुळे गोड पेय आणि खाऊ दोन्ही टाळणार. त्यांच्यासाठी रोज 94 डॉलर भरणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटाचे पैसे देणे होय. न वापरलेली जेवणे मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मध्यरात्री बुडतात, त्यामुळे सहलीच्या अखेरीस भूक नसताना खाऊ गोळा करण्याची जी धावपळ होते ती आणखी वेगळी. मुलांना मिकीसोबत न्याहारी करायची असेल, आणि ती जरूर करावी, तर शेफ मिकीजसारख्या एखाद्या ठिकाणचे एकच टेबल रोख पैशांनी घ्यावे. योजना घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मग सासूबाईंनी काय खावे? आपल्या पत्रावरून वाटते की उद्यानांत घरचा डबा नेता येतो हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते. नेता येतो. काचेचे डबे-बाटल्या, मद्य आणि सुटा बर्फ एवढे वर्ज्य. थेपले, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, राजगिऱ्याची वडी यांना दारावर कोणी अडवत नाही. काउंटरवर मागितले तर पेलाभर गार पाणी फुकट मिळते. सासऱ्यांच्या पिशवीत इन्सुलिनसोबत दशमीची गुंडाळी ठेवली असती, तर रांगेत पाऊण तास उभे राहताना त्यांचे हात थरथरले नसते. हे दूषण नव्हे. आपण एडिसनमध्ये रोज चार डबे भरता, पण सुट्टीवर निघताना डबा घ्यायचा नसतो असा आपला सर्वांचाच एक समज असतो. दही, भाज्या, पाव, दूध रिसॉर्टवर घरपोच मागवता येते. डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा आणि दोन शिट्ट्यांपुरता लहान कुकर चेक-इनच्या बॅगेत जातो. व्हिलाच्या स्वयंपाकघरात पातेली, तवे, सुऱ्या असतात, पोळपाट-लाटणे नसते.

आता प्रत्यक्ष सल्ला. या वर्षी काहीही विकत घेऊ नये. सासू-सासरे पुढच्या वेळी येतील तेव्हा क्लबच्या एखाद्या सभासदाकडून पॉइंट भाड्याने घेऊन दोन बेडरूमच्या व्हिलात पाच रात्री राहावे. पॉइंटमागे साधारण वीस डॉलरच्या आसपास भाडे पडते. अडीचशे पॉइंट धरले तर पाच हजार होतात, आणि पुढच्या वर्षाचे शुल्क, व्याज किंवा 2070 साल यांच्याशी आपला काही संबंध राहत नाही. यातील धोका असा की भाड्याचे आरक्षण रद्द केल्यास पैसे बहुधा परत मिळत नाहीत, म्हणून सासऱ्यांच्या प्रकृतीचा विचार करून प्रवासविमा घ्यावा आणि तो कोणत्या कारणांना लागू होतो ते छापील अटींत वाचावे. त्या पाच दिवसांत एक वही ठेवावी. किती वेळा खरोखर स्वयंपाक केलात, कोणी केला आणि किती वाजता, एवढेच लिहावे. माझा अंदाज सांगू? सकाळचा चहा-पोहे आणि दोन रात्रींची खिचडी, याहून अधिक शेगडी पेटणार नाही, कारण दिवसभर दहा मैल चालून आलेल्या माणसाला पोळ्या लाटण्याचे त्राण उरत नाही. आणि त्राण कोणाचे धरले जात आहे, हाही प्रश्न आहेच. स्वयंपाकघर मिळेल असे यजमान म्हणतात तेव्हा त्यात उभे कोणी राहायचे, हे त्यांच्या कागदावर कोठे लिहिले आहे का, ते पाहा.

वही भरल्यानंतरही घ्यावेसे वाटले, तर क्लबकडून थेट न घेता जुन्या मालकाकडून साराटोगा स्प्रिंग्ज किंवा अ‍ॅनिमल किंगडम व्हिलाजचे पॉइंट पाहावेत. तेथे दर साधारण शंभरच्या आसपास, म्हणजे निम्मा असतो, आणि कर्ज न काढता घेणे शक्य होते. थेट खरेदीदारांना ज्या सवलती मिळतात त्या यात बहुतांशी नाहीत, पण त्या सवलतींसाठी पंधरा हजार डॉलर अधिक मोजावेत एवढ्या त्या मोठ्या नाहीत. आणि यजमानांनी हे पत्र छापून येण्याआधीच सही केली असेल तरी घाबरू नये. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे टाइमशेअरचा करार सही केल्यापासून, किंवा सर्व कागदपत्रे हाती पडल्यापासून, यांतील जे नंतरचे असेल तेथून दहा दिवसांच्या आत लेखी कळवून रद्द करता येतो, आणि हा हक्क कोणालाही सोडून देता येत नाही. फोनवर बोलणे म्हणजे लेखी कळवणे नव्हे. कराराच्या कागदांत दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवावे आणि पोच जपून ठेवावी.

एक शेवटची विनंती, जी आपण विचारलेली नाही. पुढच्या वेळी सासूबाईंना अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमधील सना या उपाहारगृहात न्यावे. त्यासाठी तेथे मुक्काम असण्याची गरज नाही. आफ्रिकी आणि भारतीय चवींची तेथे सांगड घातलेली आहे, आणि नान व त्यांच्यासोबत नऊ निरनिराळ्या चटण्या-कोशिंबिरी येणारे त्यांचे ताट प्रसिद्ध आहे. त्या नऊ वाट्यांत लसणाच्या लोणच्याची एक असते, ती आपल्याकडे ओढून घ्यावी, आणि कशाकशात कांदा आहे ते वाढणाऱ्याला आधी विचारावे. असे विचारल्यावर स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन बोलतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. टेबल रात्रीचे न घेता दुपारचे घ्यावे, कारण खिडकीबाहेरच्या माळावर जिराफ आणि झेब्रे चरत असतात आणि अंधार पडल्यावर त्यांतले काही दिसत नाही. आरक्षण साठ दिवस आधी, पहाटे सहाच्या सुमारास ऑनलाइन खुले होते. रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्यांना त्याच दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबले घेता येतात. त्यामुळे पाचही दिवसांचे एकाच बैठकीत उरकेल, आणि पहाटे उठण्याचे काम या वेळी यजमानांकडे द्यावे.